तलावाच्या पाळीवरची आतषबाजी: गोळा कसा उडतो, कुठे पडतो आणि माणसं कुठे हवीत

३१ डिसेंबरला आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा वाजले की सिडनीत मध्यरात्र होते. बंदरातले तराफे आणि त्या प्रसिद्ध पुलाची कमान, सगळीकडून एकाच वेळी शोभेची दारू उडायला लागते आणि भंडारा-गोंदियाच्या खेड्यात बसूनही ती मोबाइलवर थेट दिसते. मग साहजिकच मनात येतं की तलाव तर आपल्याकडेही आहे. दिवाळी झाली की मंडई, म्हणजे गावची जत्रा असते, लेकी-जावई, पाहुणे आलेले असतात, दंडार हे लोकनाट्य नाहीतर नाटक असतं. त्याच रात्री पाळीवर, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधावर, आतषबाजी करता येईल का?

करता येते, आणि देखणी करता येते. मात्र ती चांगली होणार की अंगावर येणार, हे पहिली वात पेटायच्या खूप आधी ठरलेलं असतं. कुठून उडवायचं, केवढं उडवायचं आणि लोकांना कुठे बसवायचं, या तीन निर्णयांवर सगळं अवलंबून असतं. पैसा किती ओतला याचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. सिडनीचा मध्यरात्रीचा मुख्य कार्यक्रमसुद्धा जेमतेम १२ मिनिटांचा असतो. गावात आठ-दहा मिनिटं भरपूर झाली.

पाणी कशासाठी?

पाण्यात प्रतिबिंब दिसतं आणि शोभा वाढते, हे खरं. पण मोठे कार्यक्रम बंदरात, नदीवर, तलावावर ठेवतात त्याचं मुख्य कारण वेगळं आहे. वर गेलेली प्रत्येक वस्तू खाली येते. पुठ्ठ्याची टरफलं, अर्धवट जळालेले निखारे, प्लास्टिकची टोपणं आणि एखाद वेळी न फुटलेला अख्खा गोळा. ही सगळी पडझड जिथे होईल तिथे माणूस, जनावर, तणस, वाळलं गवत, गाडी यातलं काहीही नसावं. मोकळ्या मैदानात अशी जागा राखायची तर दोरखंड आणि पन्नास स्वयंसेवक लागतात, तरी पोरं आत घुसतातच. पाण्यावर कोणी उभं राहू शकत नाही आणि पडलेला निखारा तिथेच विझतो. म्हणून पाणी हा या कार्यक्रमाचा सर्वांत मोठा सुरक्षारक्षक आहे, आणि बाकीची आखणी त्याच्या भोवती करायची असते.

गोळ्याच्या पोटात काय असतं

आकाशात जे मोठं गोल फूल उमलतं ते पुठ्ठ्याच्या एका गोळ्यातून येतं. तीन इंची गोळा हाताच्या मुठीत मावतो. त्याला आडवा छेद दिला तर बाहेर चिकटपट्टी आणि कागदाचे थर, आतल्या भिंतीला लागून हरभऱ्याएवढे काळसर खडे, आणि मधोमध फोडणारी दारू. त्या खड्यांना तारे म्हणतात. आकाशात दिसणारा प्रकाशाचा प्रत्येक ठिपका म्हणजे असा एक जळता तारा. खड्यांची मांडणी आत जशी असेल तशीच आकृती वर दिसते. सगळ्या बाजूंनी सारखे लावले तर गोल, कड्यात लावले तर कडं.

मधली दारू नुसती भुकटीच्या रूपात भरली तर ती दाबली जाते आणि सावकाश जळते. म्हणून ती एखाद्या हलक्या, पोकळ दाण्यावर चढवतात, म्हणजे दाण्यांच्या फटींतून ज्वाळा क्षणात पसरते. त्यासाठी जगभर वापरले जाणारे दोन पदार्थ विदर्भाच्या घरचे आहेत: धानाचं तूस आणि कापसाची सरकी.

गोळ्याच्या तळाशी उचलणाऱ्या दारूची वेगळी पुडी असते. गोळा नळीत सोडायचा, वात पेटवायची. पुडी पेटली की नळीत वायू दाटतो आणि गोळा सेकंदाला साधारण १०० मीटर वेगाने बाहेर फेकला जातो. त्याच ज्वाळेने गोळ्यातली दुसरी, सावकाश जळणारी वात पेटलेली असते. ती छोट्या गोळ्यात तीन सेकंदांच्या आसपास जळते, मोठ्यात पाचच्या आसपास. हे गणित जमलं तर गोळा चढून थांबतो त्याच क्षणी फुटतो आणि फूल गोल उमलतं. वात लवकर संपली तर गोळा चढतानाच फुटतो आणि फूल लांबट दिसतं. उशिरा संपली तर तो खाली येताना फुटतो आणि जळते तारे जमिनीपर्यंत पोचतात. वात मुळीच पेटली नाही तर न फुटलेला गोळा ९० मीटरवरून चार-पाच सेकंदांत ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेगाने खाली येतो. हा डोक्यात बसला तर जीव जातो, फुटायचीही गरज नाही. याला आपण पुढे मुका गोळा म्हणू.

रंग धातूंच्या क्षारांचे असतात. स्ट्रॉन्शियमचा लाल, सोडियमचा पिवळा, कॅल्शियमचा नारिंगी, बेरियमचा हिरवा, तांब्याचा निळा. ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि टायटॅनियम पांढरा-रुपेरी उजेड देतात, तर कोळशाची भुकटी आणि लोखंडाचा कीस सोनेरी झालर. निळा सगळ्यांत अवघड, कारण निळा प्रकाश देणारा तांब्याचा रेणू जास्त उष्णतेत टिकत नाही. ज्वाळा तापली की रंग फिकट पडतो. हिरव्याची अडचण कायद्यातली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली फटाक्यांत बेरियमचे क्षार वापरायला मनाई केली. तेव्हा कोणी गडद हिरव्या रंगाची हमी देत असेल तर त्याच्या मालाची परवानगी जरूर विचारा.

अंतराचा हिशेब

नळीचा व्यास जेवढे इंच, तेवढ्या शंभर फुटांपर्यंत गोळा चढतो, असा ढोबळ अंदाज धरतात. तीन इंची सुमारे ९० मीटर, सहा इंची सुमारे १८०. प्रेक्षकांच्या अंतरासाठी अमेरिकेत वापरलं जाणारं मानक सोपं आणि लक्षात राहणारं आहे: दर इंचामागे किमान ७० फूट. म्हणजे तीन इंचीला ६४ मीटर, चार इंचीला ८५, सहा इंचीला १२८ आणि बारा इंचीला २५६ मीटर. हा आकडा उडवण्याच्या जागेभोवती सगळ्या बाजूंनी लागू होतो. समोर तलाव आहे म्हणून मागच्या रस्त्याकडे कोणी बघत नाही आणि तिथेच गाड्या लागलेल्या असतात.

आमचा सल्ला असा की गावाच्या कार्यक्रमात तीन इंचाच्या वर जाऊच नये, आणि लोकांना १०० मीटरच्या आत येऊ देऊ नये. मोठा गोळा जवळून बघताना मान मोडते आणि अर्धं फूल नजरेबाहेर राहतं. तीन इंची गोळा पाण्यापलीकडून, सव्वाशे-दीडशे मीटरवरून पाहिला तर पूर्ण फूल आणि त्याचं प्रतिबिंब दोन्ही एका नजरेत मावतात. आवाजही सोसवतो.

अंतर डोळ्यांनी मोजू नका. अंधारात आणि पाण्यावर अंतर नेहमी चुकतं. मोबाइलच्या नकाशावर दोन टोकं धरून मोजा, नाहीतर दिवसा टेप घेऊन काठाकाठाने मोजा आणि चुन्याची रेघ मारा.

मामा तलावावर जागा कुठे धरायची

पूर्व विदर्भातल्या मालगुजारी, म्हणजे मामा तलावाची रचना जवळपास सारखी असते. एका बाजूला मातीची पाळ, तिच्यात पाणी सोडायचं तुडूम, एका टोकाला जास्तीचं पाणी निघून जाणारी सलंग, पाळीच्या खाली धानाची बांधी, आणि वरच्या अंगाला उथळ, पसरत गेलेला काठ, ज्याच्या मागे बहुधा झुडपं नाहीतर जंगल. कोणता कार्यक्रम कुठे, हे या रचनेवरून ठरवायचं.

लोकांची पहिली ओढ पाळीकडे असते, कारण ती उंच आहे आणि तिथून सगळं दिसतं. पण गर्दीसाठी पाळीइतकी वाईट जागा नाही. माथा अरुंद, एका बाजूला खोल पाणी, दुसऱ्या बाजूला तीव्र उतार, आणि बाहेर पडायच्या वाटा फक्त दोन टोकांना. एक गोळा खाली फुटला आणि लोक मागे सरले की ढकलाढकलीत माणसं पाण्यात जातात. लहान मुलं आधी जातात. म्हणून प्रेक्षक आखरावर (गुरं गोळा होतात त्या मोकळ्या जागेवर) किंवा गायरानावर, काठापासून थोडे मागे, आणि उडवण्याची जागा पाळीच्या रिकाम्या टोकाला. पाळीवर उघडी माती असते, एक अख्खी बाजू पाण्याची असते आणि दोन्ही टोकं बंद केली की कोणी येऊ शकत नाही. हे सगळं उडवणाऱ्याच्या सोयीचं.

पाळीवरून उडवण्यात एक मोठा धोका आहे, तो खालच्या बांधीचा. मंडईच्या दिवसांत धान कापलेलं असतं आणि बांधीत पुंजणे, म्हणजे कापलेल्या धानाच्या गंजी, उभे असतात. एका निखाऱ्याने एखाद्या घराचं वर्षाचं पीक जाऊ शकतं, आणि पुंजण्याची आग आत धुमसत राहते म्हणून वरून विझली तरी पुन्हा पेटते. त्यामुळे वारा पाळीकडून पाण्याकडे वाहत असेल तरच पाळीवरून उडवायचं. वारा बांधीकडे असेल तर त्या दिवशी जागा बदला किंवा कार्यक्रम पुढे ढकला. पाळीच्या पायथ्यापासून २०० मीटरमध्ये पुंजणे असतील तर आधीच त्या शेतकऱ्यांशी बोला, मळणी आधी उरकता येते का बघा. नसेल जमत तर ती जागा सोडा.

पाळ खोदायची नाही, हेही तेवढंच महत्त्वाचं. नळ्या मातीत पुरण्यासाठी दोन-दोन फुटांचे खड्डे करायची पद्धत सपाट मैदानात ठीक आहे. मातीच्या पाळीत असे खड्डे राहिले की पुढच्या पावसाळ्यात तिथूनच पाणी वाट काढतं. नळ्या वाळूच्या पेट्यांत उभ्या करा.

डोंग्यातून किंवा ड्रमच्या तराफ्यातून उडवायची हौस मनातून काढून टाका. मोठ्या बंदरांत जे तराफे दिसतात ते पोलादी, प्रचंड वजनाचे आणि सपाट असतात. गोळा सुटताना नळी तेवढ्याच जोराने खाली दाबते. हलका तराफा डोलतो, पुढची नळी तिरकी होते आणि पुढचा गोळा थेट काठाकडे जातो. वर उभ्या माणसाला पळायला जागा नसते.

बहुशॉट डबे की गोळे?

बाजारात ३०, ६०, १२०, २४० शॉटचे डबे मिळतात. आत छोट्या नळ्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात आणि एकाच वातीने ओळीने सुटतात. पहिल्या-दुसऱ्या वर्षी गावाने फक्त हेच वापरावेत. वर जाणारा प्रत्येक दाणा छोटा असतो, प्रत्येक नळी वेगळी भरायची नसते, आणि आठ-दहा डब्यांत चांगला कार्यक्रम बसतो.

डब्याची मुख्य चूक एकच होते: तो अर्ध्यात आडवा पडतो. उंच आणि अरुंद डबा, खालची ओबडधोबड जमीन, आणि प्रत्येक शॉटचा धक्का. तीस शॉट वर गेले आणि उरलेले नव्वद लोकांच्या दिशेने. यावर उपाय स्वस्त आहे. सपाट लाकडी फळी घ्या, डबा तिच्यावर ठेवा, चारही बाजूंनी वाळूची पोती किंवा विटा डब्याच्या उंचीच्या अर्ध्यापर्यंत रचा. तोंडं झाकली जाणार नाहीत आणि वात मोकळी राहील एवढं बघा. पंख्यासारखे तिरके शॉट मारणारे डबे असतात, त्यांची रुंद बाजू लोकांना समांतर ठेवायची असते. नव्वद अंशांत चूक झाली तर अर्धे शॉट प्रेक्षकांवर जातात. खोक्यावरची बाणाची खूण दिवसाउजेडी बघून ठेवा.

डबा किती सेकंद चालतो हे खोक्यावर असतंच असं नाही. एकाच जातीचे डबे घेतले असतील तर एक आधी उडवून घड्याळ लावा. मग कागदावर मांडणी करा. सुरुवात सोनेरी, कमी धूर सोडणाऱ्या डब्यांनी. मधे एकेक रंग, एकेक डबा, मधे थोडी उसंत. शेवटच्या मिनिटात दोन-तीन डबे एकत्र. सगळं सुरुवातीलाच उडवून टाकलं तर दुसऱ्या मिनिटानंतर लोकांना फक्त धूर दिसतो. आणि नुसत्या आवाजाच्या मालावर खर्च करू नका. आवाजाने छाती दडपते, गोठ्यातली जनावरं दावं तोडतात, म्हातारी माणसं घाबरतात, आणि आकाशात बघायला काही नसतं.

नळ्या, आणि त्या कशा पडतात

गोळे वापरायचेच तर उडवणारा परवानाधारक आणि अनुभवी असला पाहिजे. आयोजकांनाही काही गोष्टी तपासता आल्या पाहिजेत. नळी जाड एचडीपीईची (हे चिवट प्लास्टिक असतं), फायबरग्लासची किंवा जाड कागदाची हवी. शेतातल्या पाइपलाइनचा उरलेला पीव्हीसी पाइप वापरला तर नळीत गोळा फुटल्यावर त्याचे धारदार तुकडे होतात, आणि क्ष-किरण चित्रात प्लास्टिक नीट दिसत नसल्याने डॉक्टरांना ते शोधणं कठीण जातं. लोखंडी पाइपाचे तुकडे त्याहून लांब जातात. एचडीपीई फाटतो, उमलतो, पण सहसा असे तुकडे होत नाहीत. नळीची आतली लांबी व्यासाच्या किमान पाचपट हवी, बूड घट्ट बंद हवं, आणि गोळा आत सोडल्यावर स्वतःच्या वजनाने सरकत तळाला गेला पाहिजे. अडकला तर ढकलायचा नाही, बाहेर काढून बाजूला ठेवायचा. ढिला फार झाला तर वायू बाजूने निसटतो आणि गोळा अर्ध्या उंचीवर फुटतो.

लाकडी चौकटीत ओळीने उभ्या केलेल्या नळ्यांचं संकट २०१३ साली अमेरिकेतल्या सिमी व्हॅलीत दिसलं. ४ जुलैच्या, म्हणजे तिथल्या स्वातंत्र्यदिनाच्या, कार्यक्रमात एक गोळा नळीतच फुटला, चौकट कोसळली, शेजारच्या नळ्या आडव्या झाल्या आणि पुढचे गोळे गर्दीत गेले. पंचविसाहून अधिक लोक जखमी झाले. म्हणून चौकट एकमेकींना आणि जमिनीला आडव्या-तिडव्या पट्ट्यांनी बांधलेली असावी, किंवा त्याहून बरं म्हणजे प्रत्येक नळी वाळूने भरलेल्या पेटीत दोन-तृतीयांश गाडलेली असावी. नळीचं तोंड पाण्याकडे किंचित झुकवतात, म्हणजे मुका गोळा तलावात पडतो. झुकाव थोडाच, जास्त झुकवला तर पलीकडच्या काठाची माणसं टप्प्यात येतात.

तलावाकाठी नोव्हेंबरात संध्याकाळपासून दव पडतं. ओलसर झालेली उचलणारी दारू गोळ्याला नीट वर फेकत नाही. नळ्यांची तोंडं आणि डबे पातळ प्लास्टिकने किंवा ॲल्युमिनियमच्या पन्नीने झाका. शॉट ती पन्नी फाडून जातो, काढायची गरज नसते.

पेटवणारा माणूस

या कामात अनेक जीव एकाच चुकीने जातात: शरीराचा कोणताही भाग नळीच्या तोंडावर आणणं. वात विझल्यासारखी वाटली म्हणून वाकून बघितलं, आणि ती विझलेली नव्हती. पेटवताना हात लांब, तोंड वळवलेलं, पाय मागे निघण्याच्या तयारीत. लांब काठीला बांधलेली मशाल किंवा जाड उदबत्ती वापरावी, लायटर नाही. अंगावर सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे, डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर गॉगल, कानात बोळे. टेरिकॉटचा शर्ट पेटला तर कातडीला चिकटतो. पेटवणारे दोन, त्यांच्यावर नजर ठेवणारा एक; बाकी कोणी नाही. प्यायलेला माणूस तर कोणत्याही नात्याने नाही.

विजेवर पेटवणं अधिक सुरक्षित, कारण माणूस लांब असतो. प्रत्येक वातीला बारीक विद्युत माचिस, तिथून दुपदरी वायर, ती फायरिंग पॅनलला, म्हणजे पेटवायच्या बटणांच्या पेटीला, आणि पॅनलला चावी. चावी पेटवणाऱ्याच्या खिशात राहते. वायर जोडणारे सगळे बाजूला झाल्याशिवाय ती पॅनलला लागत नाही. आकाशात विजा चमकत असतील तर जोडणी थांबवा. संगणकावर चालणाऱ्या कार्यक्रमाची हौस गावाला परवडणारी नाही, आणि गरजही नाही. २०१२ साली अमेरिकेतल्या सॅन दिएगोच्या खाडीत ४ जुलैचा सुमारे १८ मिनिटांचा कार्यक्रम संगणकाच्या आज्ञावलीत गफलत झाल्याने अर्ध्या मिनिटाच्या आत एकदम उडून गेला. कोणाला इजा झाली नाही, कारण उडवण्याच्या जागा पाण्यावर, लोकांपासून लांब होत्या. साधा, एक बटण एक डबा असा पॅनल असेल तर काही बिघडलं की बोट उचललं की थांबतं.

उरलेला माल हा वेगळाच विषय आहे. १० एप्रिल २०१६ च्या पहाटे केरळमधल्या परवूरच्या पुट्टिंगल देवी मंदिरात आतषबाजीची आग तिथेच साठवलेल्या दारूपर्यंत पोचली आणि शंभराहून अधिक लोक गेले. साठा उडवण्याच्या जागेजवळ ठेवू नये, हा धडा त्या रात्रीने दिला. आपल्याकडे उघड्या ट्रॉलीत माल ठेवून त्याच ट्रॉलीला टेकून उडवणारे असतात. सगळा माल आधीच मांडून ठेवा, रिकामी खोकी दूर न्या, आणि जास्तीचा माल असेल तर तो पाळीवर नको, गावातही नको, परत विक्रेत्याकडे.

वारा आणि धूर

धूळ आणि कागदाचे कपटे उडायला लागले की वारा ताशी २० किलोमीटरच्या पुढे गेलेला असतो. त्या वाऱ्यात तीन इंची गोळ्याचे निखारे बरेच वाहत जातात. तेव्हा थांबायचं. पाळीवर एका उंच बांबूला हलक्या कापडाची पट्टी बांधा आणि दुपारपासून बघत राहा, कारण सूर्य बुडाल्यावर वारा बहुधा बदलतो.

वारा अजिबात नसणंही बरं नाही. हिवाळ्यातल्या निरभ्र रात्री जमिनीजवळची हवा थंड आणि वरची उबदार होते, धूर वर जात नाही, तलावावर झोपून राहतो. तिसऱ्या मिनिटाला फुलं दिसत नाहीत, ढगात नुसता उजेड होतो. म्हणून मंद वाऱ्यात, लोकांसमोरून आडवा जाणारा वारा असताना, आणि मधे २०-३० सेकंदांची उसंत ठेवून उडवावं. लवकर संध्याकाळी हवा थोडी हलती असते. दहाची वाट बघण्यापेक्षा आठ वाजता केलेला कार्यक्रम स्वच्छ दिसतो. कायद्यालाही तेच मानवतं.

परवानग्या

स्फोटक कायदा १८८४ चा आणि त्याखालचे सध्याचे नियम २००८ चे. देशभर हे बघणारी पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटना, म्हणजे पेसो, हिचं मुख्यालय नागपुरातच आहे. हरित, म्हणजे कमी प्रदूषणाच्या, फटाक्यांचं तंत्र काढणारी नीरी ही पर्यावरण संशोधन संस्थाही नागपूरचीच. हरित फटाक्यांतून धूलिकण किमान ३० टक्के कमी निघावेत अशी अपेक्षा असते. धूर पूर्ण जात नाही. २३ ऑक्टोबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने असेच फटाके चालतात, जोडलेल्या लडी चालत नाहीत, आणि दिवाळीला रात्री ८ ते १० हीच वेळ. फटाका फुटतो तिथून चार मीटरवर आवाज १२५ डेसिबलच्या पुढे नको. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्या १०० मीटरच्या आत शांतता क्षेत्र. रात्री दहानंतर आवाजाचं काहीच नाही. जिल्हा प्रशासन यापेक्षा कडक आदेश काढू शकतं, तेव्हा त्या वर्षीचा आदेश ठाण्यात विचारून घ्या.

अर्ज महिनाभर आधी करा: ग्रामपंचायतीचा ठराव, तहसील आणि जिल्हाधिकारी कार्यालय, पोलीस ठाणे. बहुतेक मामा तलाव जिल्हा परिषदेकडे असतात, त्यांची लेखी संमती घ्या. आणि तलाव ठेक्याने घेतलेल्या मच्छीमार संस्थेला पहिल्याच दिवशी विश्वासात घ्या. त्यांची मासळी आणि शिंगाडा त्या पाण्यात आहे. उडवणाऱ्याच्या परवान्याची प्रत मागा. माल एसटीने किंवा रेल्वेने आणायचा नाही, तो गुन्हा आहे.

काही तलावांवर मात्र परवानगी मिळाली तरी करू नये. गोंदियातल्या ज्या तलावांवर सारस पक्षी उतरतो, जिथे हिवाळी पाहुणे पक्षी रात्री मुक्कामाला असतात, अभयारण्याला लागून असलेले तलाव. महाराष्ट्रात उरलेले सारस बहुतांशी त्या एका जिल्ह्याच्या आसऱ्याने आहेत. तिथे दिवे सोडा, दंडार करा.

आग लागलीच तर

अग्निशमनाची गाडी तालुक्याहून येईपर्यंत पुंजणा संपलेला असतो. म्हणून पहिला तासभर गावानेच सांभाळायचा. पाण्याचा टँकर पंपासह बांधीच्या बाजूला, आणि पाठीवरचे फवारणी पंप पाण्याने भरून दहा-बारा पोरं ओळीत. १६ लिटरचा बॅटरीचा पंप गवताची छोटी आग झटकन विझवतो. पंप आधी दोन-तीनदा धुवून घ्या, कीटकनाशकाचा अंश राहिला तर आगीत त्याचा विषारी धूर होतो. ओली पोती आणि वाळूच्या बादल्या पाळीवर. विजेच्या ११ केव्हीच्या तारेखाली काहीही मांडू नका.

भाजलं तर जखमेवर २० मिनिटं वाहतं, साधं पाणी. टूथपेस्ट, शाई, हळद, बर्फ काही लावायचं नाही. डोळ्याला लागलं तर चोळायचा नाही, धुवायच्या फंदात पडायचं नाही, दाबायचा नाही. वर कागदी पेला उपडा धरून चिकटवा आणि थेट रुग्णालय. १०८ ची गाडी आधीच सांगून ठेवता आली तर सांगून ठेवा, आणि तिच्या येण्याच्या वाटेवर एकही दुचाकी लागू देऊ नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी

शेवटचा डबा झाल्यावर किमान अर्धा तास पाळीवर कोणी जायचं नाही. न पेटलेला डबा किंवा नळी असेल तर लांबून भरपूर पाणी ओतायचं आणि रात्रभर तसंच ठेवायचं. पुन्हा पेटवायचा प्रयत्न नाही. लोक घरी गेले तरी पाळीच्या दोन्ही टोकांना रात्रभर माणूस हवा, कारण पहाटे पहिली पोरंच येतात, न फुटलेलं शोधायला.

पाण्याचाही विचार करा. शोभेच्या दारूत परक्लोरेट नावाचा क्षार असतो आणि तो पाण्यात विरघळतो. अमेरिकेत ओक्लाहोमातल्या एका तळ्यावर केलेल्या मोजणीत आतषबाजीनंतर १४ तासांच्या आत त्याचं प्रमाण मूळच्या २४ ते १,०२८ पट झालं, आणि मूळ पातळीवर यायला २० ते ८० दिवस लागले. उथळ, पिण्याच्या विहिरींना पाझर देणाऱ्या बोडीवर, म्हणजे लहान तळ्यावर, म्हणूनच हे करू नये. मोठ्या तलावावरही माल मर्यादित ठेवा.

उजाडल्यावर सगळ्यात आधी उडवणाऱ्याने स्वतः पाळ, काठ आणि बांधीची कड पायी फिरून बघायची. मांडलेल्या नळ्या आणि डब्यांची यादी हातात हवी: किती मांडले, किती पूर्ण उडाले, किती अर्धे. मुका गोळा सापडला तर कोणीही हात लावायचा नाही; भोवती दोरी, आणि पोलिसांना फोन. मग मच्छीमार संस्थेचा डोंगा पाण्यावरची टरफलं आणि प्लास्टिकची टोपणं जाळीने काढेल. यादी जुळली की पाळ गुराढोरांना मोकळी करायची, आणि मासेमारीचं जाळं त्या दिवशी दुपारनंतरच टाकायचं.